श्वास सोडून

आमच्या पत्त्यातच फौज आहे:
अवसरे टेलर्स, कंपू रोड, लष्कर, ग्वाल्हेर.
कंपू म्हणजे कॅम्प, हे वडिलांनी सांगितलं.
लष्कर म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही.
घोडी गेली, तोफा गेल्या,
नावं मात्र अजून घरी येतात
लाइटच्या बिलावर.

वडिलांचा एकच नियम:
माप श्वास सोडून घ्यायचं.
पण टेप छातीला लागली रे लागली
की गिऱ्हाईक फुगतंच.
पोस्टमन, हलवाई, दाल बाजारातला अडत्या,
सत्तरी उलटलेले कर्कमकर वकीलसुद्धा
पोट आत, छाती पुढे, नजर भिंतीवर,
जसं कुणी त्यांना नापास करायला आलंय.
बायका फुगत नाहीत.
टेप लागली की आकसतात.
चाळीस वर्षं मी हे पाहिलं
आणि वहीत फक्त इंच लिहिले.

पहाटे चारला मेळा ग्राउंडवर पोरं धावतात,
भिंडची, मुरैन्याची, गोहदची.
भरतीला छाती सत्त्याहत्तर लागते,
फुगवून ब्याऐंशी.
मधले पाच सेंटीमीटर नुसत्या हवेचे.
रामनरेश त्या पाचासाठी रोज दुकानी यायचा.
मी फुकट मोजायचो.
ओढ, म्हणायचो, अजून ओढ,
त्याच्या मानेच्या शिरा दोऱ्यासारख्या ताणायच्या.
एका सेंटीमीटरने राहिला, तेव्हा
ट्रायलच्या पडद्यामागे रडला.
खालून फक्त त्याचे बूट दिसत होते.
मी काय म्हणालो?
'लौंडियों की तरह मत रो.'
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
म्हणजे सगळ्यांनीच शिकवलं होतं.

पुढच्या वर्षी पास झाला.
पेढे आणून दिले. मीही खाल्ले.

इंदापूरकर ए.जी. ऑफिसात आहेत. हळू बोलतात.
सफारी माझ्याकडेच. छाती बेचाळीस,
खरी एकोणचाळीस.
त्यांच्या बायकोचे ब्लाउज दुरुस्तीला येतात,
दर वेळी डावी बाही, दर वेळी खांद्याच्या शिवणीत.
'कडीत अडकली,' ती म्हणते.
मी दुहेरी टीप मारतो,
दुहेरी टिपेचे दहा रुपये जास्त घेतो,
कुठल्या दाराची कडी, ते विचारत नाही.
त्या तीन इंचांचं मी मनाशी गणित मांडलं होतं:
दिवसभर साहेबापुढे कोंडलेली हवा
माणूस संध्याकाळी घरी सोडत असणार.
मग वाटलं, तिच्यातही कोंडलेलीच असेल की.
तिने आजवर कुणाची बाही उसवली?

या पौषात रामनरेशची आई आली.
पिशवीत वर्दीचा शर्ट, इस्त्री केलेला.
नावाची पट्टी काढलेली होती,
तेवढ्या जागेचा हिरवा रंग अजून ताजा.
मी काही विचारलं नाही,
पेपरात वाचलं होतं.
'दोन्ही बाजूंनी आत घेऊन
धाकट्याला होईल का?' म्हणाली,
'आणि त्याची छाती पाहून ठेवा,
फाल्गुनात भरती आहे.'

धाकटा, हरिओम, सतरा वर्षांचा,
वरच्या ओठावर काजळाएवढी मिशी.
टेप उघडायच्या आधीच फुगून उभा.
मी म्हटलं, सोड.
त्याला कळेना.
श्वास सोड रे. माप तसंच घेतात.
त्याने आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे,
कारागिराने मशीनवरचा पाय थांबवला.
बाहेर कुठल्याशा वरातीत
कुणीतरी हवेत दोन बार काढले,
आणि आम्ही कुणी दचकलोही नाही.

सोड ना, मी पुन्हा म्हटलं.
त्याच्या बरगड्या टेपखाली थरथरत होत्या.
तोंड न उघडताच, दातांमधून, तो म्हणाला,
'सोडला तर कमी भरेल, काका.'