एकशे सात टाके

घोटा सुजला म्हणून त्या दिवशी
ग्लोव्हऐवजी माझ्या हातात वही आली.
मेरी वेदरच्या कडेला पोत्यावर बसून
मी चौकोन भरत होते : बाद, बाद, बाद.
अफसाना मुजावरचा हात असा चालला होता
की सांगलीच्या पोरी हवेला मारायच्या
आणि हेल्मेट काढत परत जायच्या.

बॉल विकतचा नव्हता.
विकतचा परवडत नव्हता.
मगदूम सरांनी कुठूनसा एक जुना परदेशी बॉल मिळवला
आणि सुभाषनगरात इराप्पा सातपुत्यांच्या मांडीवर ठेवला.
"असा जमंल काय?"
इराप्पांनी तो नाकाशी धरला.
"घोड्याचं हाय. आपण म्हशीचं लावू."
मग आरीनं एकेक टाका उसवत गेले, मोजत गेले.
शेवटाला थांबले. परत मोजले.
एकशे आठ.
"आयला," म्हणाले, "अमेरिकेतबी माळ वडत्यात व्हय?"

पाऊस लागला की सर आम्हाला
शाळेच्या व्हरांड्यात बसवून तिकडचं सांगायचे.
एक सामना रात्रभर चालला, पहाट झाली,
थंडीनं खेळाडूंनी मोडक्या बॅटी पेटवल्या,
बघायला एकोणीस माणसं उरली होती.
आणखी एकदा, बॉल निघाला हातातून
अन् मधे पाखरू आलं.
नुसती पिसं.
पंचांनी तो बॉल धरलाच नाही.
"मग पाखराचं काय, सर?"
सर चष्मा पुसायचे.
आम्हाला वाटायचं, थापा.

शेवटची जोडी. तीन-तीन.
सांगलीची जाडी पोरगी, नाव विसरले, वेणी आठवते,
तिनं अखेर मारला.
आवाज वेगळाच झाला,
ओलं पोतं दगडावर आपटावं तसा.
आणि बॉल फुटून दोन दिशांना गेला.

कातडं पडलं आमच्या कॅचरच्या पुढ्यात.
आतला गुंडा उलगडत उलगडत
दुसऱ्या बेसकडं पळाला.
शोभा कांडेकर त्याच्यामागं,
लोकर गोळा करत, मनगटाला गुंडाळत,
कुणी स्वेटर सांगितल्यागत!
कॅचरनं कातडं पोटाशी धरलेलं.
आणि वेणी पळतीय, पळतीय,
पहिला, दुसरा, तिसरा, घर.

अर्धं मैदान ओरडलं, बाद!
अर्धं ओरडलं, रन!
इचलकरंजीचे पंच दादू हावळ
खिशातून नियमाचं पुस्तक काढून
चुकीच्या पानावर उभे राहिले.

तेवढ्यात इराप्पा उठले.
रेघेबाहेर पायताण काढून ठेवलं,
तालमीच्या मातीत उतरावं तसं,
आणि अनवाणी आत आले.
कुणी अडवलं नाही.
कातडं हातात घेतलं, उन्हाला धरलं,
नखानं भोकं मोजत गेले.
एवढी माणसं, पण
घसा खाकरायचं कुणाला सुचलं नाही.

"एकशे सात," म्हणाले.
"एक माझाच ऱ्हायला.
त्या दिशी दारात कोणतरी हाक मारत होतं.
पोरींकडं बोट करू नगासा."

हावळांनी रन दिला.
आम्ही हरलो.
अफसानानं अख्ख्या सामन्यात एकच बॉल लागू दिला,
तोही पुरता नव्हे.
त्या चौकोनात काय लिहायचं
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
मी पेन्सिलीनं एक आडवा टाका काढला.
अजून आहे, थोडा पुसट.

नियम खूप वर्षांनी सापडला :
खेळात बॉल उसवला तरी
तो डाव संपेपर्यंत बॉलच.
हावळ बरोबर होते, न वाचताच.
मगदूम सरांना सांगायला हवं होतं.

इराप्पांनी त्यानंतर आमच्यासाठी
अकरा बॉल शिवले.
मी प्रत्येक मोजला, चोरून.
एकशे नऊ.
विचारलं तर म्हणाले, "मागची उधारी."
त्या जादा टाक्यानं बॉल
थोडा डावीकडं ओढायचा.
अफसाना कधी बोलली नाही.
ती फक्त अंगठा जरा सरकवून धरायची.