डावीकडून चौथा

नव्या चरित्रांच्या फळीवर मी चिठ्ठ्या लावते,
पोस्टकार्डाचा अर्धा तुकडा, निळी शाई, तीन-चार ओळी.
वाल्दिव्हियात आकाश वर्षातले आठ महिने गळतं.
माणसं छत्री निथळायला आत येतात
आणि दुसऱ्याच कुणाचं तरी आयुष्य काखेत मारून जातात.

या महिन्याच्या शिफारशी :
गोलरक्षक अनिबाल रेतामालेस, आठवणी.
“अडवलेला चेंडू न् चेंडू त्याला आठवतो.
सुटलेल्यांची चौकशी त्याच्या सासऱ्याकडे करावी,
मासळीबाजार, शिंपल्यांच्या ढिगामागे.”

गायिका एल्सिरा मोंतेसिनोस, चरित्र.
“तीन नवरे, दोन दिवाळी, एकच आवाज...”
नाही, दिवाळं, दिवाळं. चिठ्ठी फाडून पुन्हा लिहिली.
“...शिंपिणीचं नाव कुठेच नाही.
पण मुखपृष्ठावरचा झगा बघा.”

माजी मंत्र्याचा ठोकळा सगळ्यात खालच्या फळीवर.
त्र्याहत्तर ते नव्वद या वर्षांना त्यानं सव्वा पान दिलंय,
त्यातलं अर्धं हवामानावर.
मी लिहिलं : “बांधणी उत्तम.”

आणि हा अभियंता, ओस्वाल्दो इरिबार्ने.
याच्या चिठ्ठीला मला नऊ दिवस लागले.

साठ साली धरणी हलली, डोंगर घसरले,
वरच्या सरोवराचं तोंड बुजलं.
पाणी रोज चढत होतं, आणि खाली आम्ही.
यंत्रं चिखलात रुतली, तेव्हा माणसं उतरवली.
पुस्तकात वाक्य आहे : “मी सरोवर उतरवलं.”
वाक्य खोटं नाही.
नुसतंच एकवचनी आहे.

पान एकशे अठ्ठ्याऐंशी. छायाचित्र.
चिखलाच्या भिंतीपुढे पाठमोरे सतरा जण.
खाली एकच शब्द : कामगार.
सगळ्यांची फावडी उजवीकडे वळलेली,
एकाचं तेवढं डावीकडे.
कमरेला पट्ट्याच्या जागी नावेचा दोर.

सेगुंदो नावेलपान.
सेगुंदो म्हणजे दुसरा.
हजेरीपटावर एकशे बारावा,
चित्रात डावीकडून चौथा,
आमच्या घरात एकुलता एक कमावता.
परत आला तेव्हा त्याच्या मुठी उघडत नव्हत्या.
आई त्याला सूप भरवायची
आणि मी, सहा वर्षांची, हसायचे,
एवढा मोठा बाबा बाळासारखा खातो म्हणून.
त्या दिवसांबद्दल तो आयुष्यात एकदाच बोलला :
“पाण्याला घाई होती.”

चिठ्ठीवर शेवटी एवढंच उतरलं :
“वाचा. चांगलं आहे. चित्रं सावकाश बघा.”

शनिवारी अभियंत्याची मुलगी सांतियागोहून आली.
पुस्तक तिनंच लिहिलेलं, सात वर्षं खपून.
गठ्ठ्यातली प्रत उचलली, ती एकशे अठ्ठ्याऐंशीवर उघडली.
दुसरी घेतली, तीही तिथेच.
तिसरी.
“बांधणीत काही दोष आहे का हो?”
“नाही,” म्हटलं, “त्यांना सवय लागलीय.”
रोज दुकान बंद करताना
एकेका प्रतीचा कणा मी त्या पानावर दाबून ठेवते,
हे काही मी तिला सांगितलं नाही.

तिनं चश्मा लावला. खूप वेळ बघत राहिली.
मग विचारलं, “कोणता?”
मी बोट ठेवलं.
तिनं माझंच अर्धं पोस्टकार्ड उचलून नाव लिहून घेतलं.
आडनाव दोनदा चुकलं, दोनदा खोडलं.
मी अक्षर अक्षर सांगत गेले. मला घाई नव्हती.

मागे नदीच्या पायऱ्यांवर समुद्रसिंह
माशांच्या डोक्यांसाठी भांडत होते.
त्या गलक्यात ती दारातून वळून म्हणाली,
“दुसरी आवृत्ती निघाली, तर घालते.”

तर, म्हणाली.

दुसरी, असंही म्हणाली.