निर्लेखन

एप्रिल संपता संपता
शाळेचं लोखंडी कपाट लागेना.
दार दाबलं की आतून कुणीतरी रेटायचं.

उघडलं. चौदा टॅब,
तव्यावरच्या भाकरीसारखे टम्म,
काचा कडेनं उचकटलेल्या,
नेलपेंटसारखा गोडसर वास.

सेलूच्या स्टँडवरून मुख्तारभाई आला.
स्क्रूड्रायव्हर खिशातून काढलाच नाही.
"सर, टाचणी लागली तरी पेटंल.
वाळूत ठेवा, सावलीला."
मग हळूच,
"पोरायनं लई दिवस हात नाही लावला का?"

पोरं कुठली आता.
नऊ नंबरवर अजून चिकटपट्टी आहे,
निळ्या पेनानं लिहिलेली: श्रुतिका ससाणे, सहावी ब.
त्या वर्षी बाभळीखाली
रेंजसाठी हात उंच धरून
ती अपूर्णांक शिकली.
दहावीआधीच सासरी गेली, पाथरीला.
मी अक्षता टाकायला गेलो नाही,
एवढंच केलं.

रजिस्टर काढलं. रकाने दोनच,
चालू आणि बंद.
फुगलेल्याला रकाना नाही.
निर्लेखनाचा कागद परभणीत पडून.

तोवर हौदामागं, वाळूच्या घमेल्यांत
चौदा टॅब.
ऊन सरकलं की
मधल्या सुट्टीत मी घमेली सरकवतो,
नऊ नंबर आधी.