डोक्यावरचा हात

केवळबाई डोक्यावर हात ठेवून बसायची
आणि आम्ही विचारायचो, कोण गेलं?
कोणी नाही, म्हणायची. असं बरं वाटतं.

लग्नघरी हे दिसतं कसं!
मीच तिला म्हणाले एकदा, बाई, हात खाली घे,
नवरीची आई बघतेय.
तिने घेतला. ओठ दाबले.

अमळनेरात मांडे म्हटले की तिचंच नाव.
पुरणाचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत
कोपरापर्यंत न्यायची,
मग पालथ्या खापरावर अलगद सोडायची,
निजलेल्या पोरावर चादर टाकावी तशी.
मी शेजारी घड्या घालायची.

त्या माघात मांडे फाटू लागले.
दरवेळी उजव्या हातावर, अंगठ्यापाशी.
आधी गव्हाला बोल लावला, मग गिरणीवाल्याला.
कोणी म्हणालं, खांदा उतरलाय.
तेल झालं, विटेचा शेक झाला,
पारोळ्याच्या एका म्हाताऱ्याने दंड असा ओढला
की दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.
आणि एकदा खापरापाशी कातडीचा जळका वास आला,
तो मला आधी कळला.
अंगठा तिचा होता.

धुळ्याच्या देवरे डॉक्टरीणबाईंनी
खांदा नंतर पाहिला, आधी मान.
मागे करा, उजवीकडे वळवा.
कळ निघाली ती दंडावरून थेट अंगठ्यात.
कापूस फिरवला. इथे कळतं? इथे?
कोपराच्या लवणीत छोटी हातोडी टेकवली,
डावा हात दचकला,
उजवा गप्प.
मग सहज विचारलं,
हात डोक्यावर ठेवला की आराम पडतो का हो?

केवळबाई डॉक्टरणीकडे नाही,
माझ्याकडे बघू लागली.

मानेत नस दाबली गेलीय, बाई म्हणाल्या,
हात वर गेला की तिचा ताण सुटतो.
खांदा नुसता निरोप्या.

परतीच्या एसटीत ती तशीच बसली, उघड, डोक्यावर हात.
कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं,
काय झालं मावशी?
“मानमा नस दबायेल शे, भाऊ.
मरेल कोनी नही.”

आता ती खापरापाशी बसत नाही,
पुरण वाटून देते, तेही डाव्या हाताने.
पण ऑर्डरच्या दिवशी, चूल पेटायच्या आधी,
समईतली कोरडी वात घेऊन
एकेकीच्या अंगठ्यावरून फिरवते,
डोळे मिटायला लावून.
कळस का? आते कळस का?

माझ्यावरूनही फिरवली.
मी हो म्हणाले.
तिने पुन्हा फिरवली.