शेरा

चुलबंदच्या काठी, रेताड रानात
चौदा वाण. प्रत्येकाच्या तीन सऱ्या, एक पत्र्याची पाटी.
माझ्या रजिस्टरात त्यांना नावं नाहीत,
एक ते चौदा.

वेलीची लांबी. दोन पेरांतलं अंतर.
दर वेलीला कंद किती, वजन किती,
सोंड्या भुंग्यानं नासवले किती.
ताणकाट्याला आठ नंबर लोंबतो
आणि बांधावर भागरथा वलथरे हसते.
"आठ म्हनजे आमची दुधी.
अंगानं मोठी, पन पानचट.
बजाराले न्यावी, घरी नोको ठेवू."
मी लिहिते: उत्पादन अधिक, शुष्क पदार्थ कमी.
तेच की.

सगळ्यांत हलकी पाच नंबर, तामडी.
बोटाएवढे कंद, वेलीला जेमतेम पाव किलो.
तिच्या सऱ्यांत मात्र भुंग्याचं एक भोक नाही.
"खीर दाट होते हिची," ती सांगते.
त्याला माझ्याकडे रकाना नाही.

आपली गुणसूत्रं दोन पेडांची,
रताळ्याची वेणी सहा पेडांची.
एवढं असून बियाचा भरवसा नाही.
वेल कापायची, चार डोळ्यांचा तुकडा ओल्या मातीत खोचायचा,
तोच जीव पुढे चालतो,
किती शिवरात्रींपासून, कोण मोजणार.

जुलैत नागपूरहून फोटो आला:
काळ्यावर पांढऱ्या रेघा.
पाच आणि अकरा, रेघेला रेघ.
अकरा आणली होती लाखांदूरकडून,
तिकडे तिला राजनी म्हणतात.
सर म्हणाले, दुबार नोंद आहे, एक काढून टाका.

भागरथाला सांगितलं. वाटलं, चिडेल.
ती लावणीच्या वेलांची जुडी बांधत राहिली.
"तिकडलीच हाये ते.
लग्नात ओल्या फडक्यात बांधून मीच आनली.
सासूनं पाहून म्हनलं, तामडी.
त्याच दिवशी तांदरात बोट फिरवून
माजंबी ठेवलं, भागरथा."

आणि आधीचं?

"फुलवंता," ती म्हणाली,
आणि कुणी हाक मारल्यासारखं
स्वतःच मागं वळून पाहिलं.

पुढच्या हंगामात पाट्या तेरा झाल्या.
रजिस्टरात मी काही खोडलं नाही.
पाच नंबरसमोर, शेऱ्याच्या रकान्यात:
तामडी, माहेरची राजनी.
आणलेली: फुलवंता.