भावे प्रयोग

मनामा. हॉटेलचा चौथा मजला, कागदपत्रांची खोली.
रात्रीचे अडीच. सातवा मसुदा.
माझं काम सोपं: जे शब्द त्यांना एकमेकांचे पटत नाहीत
ते मी चौकोनी कंसात टाकते.
पटले की सोडवते.
तीन रात्रींत सोडवले अकरा, टाकले एकशे चाळीस.

कंस. मराठीत नाव नेमकं पडलंय.
आत कोंडलेत
'२०४० पर्यंत', 'भरपाई', 'सर्व',
आणि एक एकटा स्वल्पविराम,
ज्याच्यावरून काल दोन बेटं आणि एक मोठा देश
जेवण विसरून भांडले.
आठव्याचं भाकीत सगळ्यांनी ऐकलंय,
म्हणून पहारा कडक.

नाना राजापूरला व्याकरण शिकवायचे.
प्रयोग ओळखा, म्हणत खडू रोखायचे.
कर्तरी: क्रियापद कर्त्याचं ऐकतं.
कर्मणी: कर्माचं.
भावे: कुणाचंच नाही;
आपलं नपुंसकलिंगी, एकवचनी, दाराशी उभं राहतं.

हा मसुदा अख्खा भावे प्रयोगात आहे, नाना.
राष्ट्रांनी उत्सर्जनाला आवरावे.
श्रीमंतांनी बुडणाऱ्यांना सावरावे.
आवरावे, सावरावे, यमकसुद्धा जुळतं,
फक्त कुणी कशाला बांधलेलं नाही.

खाली उतरते. दार उघडताच चष्म्यावर धुकं.
पहाटे तीनला चौतीस अंश, हवा ओल्या टॉवेलसारखी.
मागच्या फाटकाशी याकूब, मुहर्रकचा,
कडक चहाचा कागदी पेला पुढे करतो.
मोडक्या हिंदीत विचारतो, संपलं?
स्वल्पविराम राहिलाय, मी सांगते.

तो हसत नाही. आजोबांचं काढतो:
मोत्यांच्या होडीवर ते दोर धरायचे.
खाली पाणबुड्या, नाकाला चिमटा, पायाला दगड.
दोराला हिसका बसला की ओढायचं, करार एवढाच.
विचारायचं नाही किती, का, मागच्या वेळी कोणी ओढलं.
आणि मोती कोणाचे?
ते नाखव्याच्या वहीत, तो म्हणतो.
वहीत पाणबुड्या कायम देणेकरी.
तो मेला की त्याचा मुलगा उतरायचा
त्याच कर्जात, त्याच पाण्यात.

म्हणजे दोर आणि वही एकाच होडीवर होते.
वर आम्ही तीन दिवस नुसती वही लिहितोय.

दोर कुठल्या कलमात बसवायचा?
हिसका बसला हे कोण ठरवणार,
आणि तोवर खालच्याने श्वास किती धरायचा?
पेल्याच्या कडेला पेनाने लिहून बघते, कर्तरीत:
आम्ही ओढतो.
दोनच शब्द.
'आम्ही'ला कंस पडेल, मला ठाऊक आहे.

याकूब कॉलर सैल करतो.
उकडतंय, माझ्या तोंडून मराठीच निघतं.
हाही भावेच, नाना, त्यातही अकर्तृक.
वाक्यात कर्ताच नाही.
उकडतं. कुणी उकडवत नाही.
सहावीच्या वर्गात हे उदाहरण
किती निरागस वाटलं होतं.

फोन थरथरतो: वर या, एक कंस निघालाय.
कोणता, ते लिहिलेलं नाही.
जिन्यात चष्मा पुसते.
पेला रिकामा झालाय,
टाकत नाही.