आज तू पेटव

मल्हारगंजातलं टॉकीज आम्ही सकाळचं भाड्यानं घेतलं होतं,
मंगळवार ते शनिवार, नऊ ते साडेअकरा.
बाराला त्यांचा नेहमीचा मारधाडीचा खेळ.
दिल्लीहून पार्सलनं आलेले डबे
मीच स्टेशनवरून टेम्पोत घालून आणले.
डब्यांवर चिकटपट्टी, पट्टीवर देशांची नावं.
आणि पत्रकावर छापलेलं :
यहुदी जीवन, जगभरातलं.

ऑपरेटर हसकेलकाका वाक्रूळकर
चष्मा कपाळावर सरकवून ते वाचत राहिले.
'जगभरातलं म्हणजे, इंदूर धरून?'
मी हसलो.
थट्टाच वाटली मला.

मंगळवारी पोलंड. बर्फात एक दुकानदार मेणबत्त्या मोजतो,
पुरत नाहीत, पुन्हा मोजतो.
बुधवारी ब्युनोस आयर्सचा म्हातारा शिंपी
बायको गेल्यावर तिच्या मापाचा कोट शिवत बसतो.
गुरुवारी मोरोक्को, नवरीच्या हातावर मेंदी,
आणि काका त्या चौकोनी भोकाला डोळा लावून म्हणाले,
'हे आमच्यातलं आहे. अगदी असंच.
शेगुल्लाआत्याच्या लग्नात मेंदी वाळेना, पंखा आणला होता भाड्यानं.'
मशीन धडधडत होतं. मला 'आमच्यातलं' नीट ऐकू आलं नाही,
किंवा आलं, आणि मी रीळ बदलायच्या ठिपक्याची वाट बघत राहिलो.

शुक्रवारी इथिओपियाचा डोंगर संपला,
खालची पांगापांग झाली,
तेव्हा रीळ उलटं गुंडाळता गुंडाळता ते बोलले,
बोलले म्हणजे रिळाशीच :
आमचे लोक कोकणात घाणा चालवायचे.
शनिवारी बैल सोडलेला, घाणा गप्प.
गाव म्हणायचं, शनवार तेली.
त्या घरातला मी
एकतीस वर्षं शनिवारी कार्बन पेटवतोय,
तीन खेळ, सणावाराला चार.
बाबा कधी काही म्हणाले नाहीत.
फक्त शनिवारी रात्री ताटावर बसलो
की माझ्या बोटांकडे बघायचे.
साबणानं जात नाही ते काळं.
रॉकेलनं जातं.
मग जेवणाला रॉकेलचा वास.

शनिवारी ते पायी आले, छत्रीबागेवरून, घामाघूम,
इस्त्रीचा बुशशर्ट, खिसे रिकामे.
'तिकीट नाहीये ना रे? पैसे आणले नाहीत आज.'
मग जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थांबून :
'आज तू पेटव. मी खाली बसतो.'

कांड्या जवळ आणल्या, चटका बसला, हात मागे घेतला,
दुसऱ्यांदा उजेड पडला.
असा उजेड की त्याच्याकडे बघायचंच नसतं.

खाली आमचे अध्यक्ष माइक ठोकत होते :
'आपल्यापैकी कुणी प्रत्यक्षात
यहुदी माणूस पाहिलाही नसेल...'
तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर,
टक्कल आणि कॉलर दिसत होती.
मी भोकाला डोळा लावला. आता हात वर होईल.
अध्यक्षांनी आभार मानले. पंखे बंद झाले.
हात वर झाला नाही.

सिनेमा एका कब्रस्तानाचा होता. नात आजोबांचं नाव शोधते,
प्रत्येक दगडावरचं शेवाळ नखानं खरवडते.
वीस मिनिटांनी हात वर झाला.
माझ्या छातीत काहीतरी हललं,
पण ती दोन बोटं खाली-खाली करत होती :
फ्रेम सरकली आहे, अक्षरं कापली जातायत, खाली घे.
मी खाली घेतली.
बोटं थांबली, मिटली, मांडीवर गेली.

खेळ संपल्यावर वर आले. दिव्याच्या गरम पेटीपाशी गेले,
हात लावला नाही.
'खाली आवाजच येत नाही रे मशीनचा,' म्हणाले.
'माणसं बोलतात ते सगळं ऐकू येतं.'

रविवारी स्टीलचा डबा. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं,
वेलची, केळ्याच्या चकत्या.
'मलिदा. एलियाहू हन्नबीच्या नावाचा.
आणि हे बघ, इंदुरी आहेस म्हणून
वर शेव घालशील. घालू नकोस.'

माझ्या उजव्या अंगठ्यावर अजून काळं होतं.
ते त्यांनी पाहिलं.